बारा व्होल्ट दिसतात, तरी हीटर का तापत नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. निफाड तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदाराकडे प्री-चेंबर इंजिनाची (डिझेल आधी एका छोट्या खोलीत पेटवणाऱ्या), चार सिलिंडरची जुनी डिझेल पिकअप आहे. डिसेंबर लागला की पहाटे पाचला ती उठत नाही. दहा-बारा वेळा सेल्फ मारला की मागून पांढरा धूर येतो, मग एखादा सिलिंडर पकडतो आणि मिनिटभर थरथरत गाडी सुरू होते. दुपारी मात्र अर्ध्या सेल्फमध्ये. चारही हीटर प्लग (गारठ्यात डिझेल पेटावं म्हणून आत तापणारे) बदलून झाले, त्यांचा करंट चालू-बंद करणारा रिलेही बदलला, फरक काही नाही. मग मालक स्वतःच मीटर घेऊन बसले. चावी बंद असताना बॅटरीवर १२.६ व्होल्ट. रिलेच्या आउटपुटची वायर सोडवून नुसत्या टर्मिनलवर मोजलं तर १२.५. सगळं जोडून चावी फिरवली, तर चारही प्लगना जोडणाऱ्या पट्टीवर ८.९ आणि त्याच वेळी बॅटरीवर ११.६. प्लगवर पूर्ण १२ व्होल्ट यायला हवेत का आणि मधले व्होल्ट कुठे गेले, असं त्यांनी विचारलं आहे.

दादा, शेवटचे दोन आकडे तुम्ही एकाच वेळचे दिलेत, म्हणून अर्धं निदान इथेच झालं. एरवी लोक 'करंट येतोय' एवढंच सांगतात.

आधी तो १२.५ चा आकडा विसरून जा. वायर काढून टर्मिनलवर मोजलेले व्होल्ट म्हणजे नळ बंद ठेवून पाहिलेलं पाण्याचं प्रेशर. पाइपात चिंधी अडकलेली असली तरी बंद नळावर प्रेशर पूर्णच दिसतं, कारण पाणी वाहतच नसतं. मीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. त्यामुळे रिलेचे पॉइंट कोळसा झालेले असोत, वायरची एकच तार शिल्लक असो, त्याला १२.५ दिसणारच. हीटर प्लग मात्र करंट ओढतो, आणि तोही भरपूर. १२ व्होल्टच्या गाडीतल्या साध्या धातूच्या प्लगचा थंड असतानाचा रेझिस्टन्स एक ओहमपेक्षा कमी असतो. चावी फिरवल्यावर पहिल्या क्षणी एकेक प्लग १५ ते २० अँपिअर खेचतो. आतली रेग्युलेटिंग कॉइल तापली की तिचा रेझिस्टन्स वाढतो आणि करंट प्रत्येकी ८ ते १२ वर येऊन थांबतो. म्हणजे चार प्लगना मिळून सुरुवातीला ६० च्या वर आणि नंतर ४० च्या आसपास. दोन्ही हेडलाइट लावले तरी दहा अँपिअरच्या आसपास लागतात, यावरून अंदाज करा.

आता तुमच्या पहिल्या शंकेचं उत्तर. प्लगवर १२ यायला नकोतच. एवढा करंट ओढला की चांगली बॅटरीसुद्धा साडेअकराच्या आसपास बसते. तुमची ११.६ वर आहे, म्हणजे बॅटरी निर्दोष. तिच्यामागे लागू नका. म्हणून तर या प्लगच्या अंगावर बहुधा ११ किंवा ११.५ व्होल्ट कोरलेलं असतं. पट्टीवर ११.१ ते ११.३ मिळाले असते तर मी काहीच बोललो नसतो. तुमचे २.७ व्होल्ट वाटेत अडकलेत, आणि ते फार झाले. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून पट्टीपर्यंत सगळं मिळून अर्धा व्होल्ट गेला तर मी चालवून घेतो. एक व्होल्ट गेला की पाना हातात घेतो.

२.७ म्हणजे किती नुकसान, तेही बघा. उष्णता व्होल्टच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. ११.३ च्या जागी ८.९ मिळाले तर प्लगची ताकद ढोबळमानाने ६० टक्क्यांवर येते. (कॉइल थंड राहिल्याने तिचा रेझिस्टन्स थोडा कमी राहतो, त्यामुळे प्रत्यक्षात तूट जरा कमी असेल, पण हिशेबाला पुरे.) ज्या टोकाने ८५० अंशांच्या वर जाऊन लालभडक व्हायचं, ते नुसतं गरम होऊन बसतं. डिझेलची वाफ होते, पेट घेत नाही, आणि तीच वाफ पांढरा धूर म्हणून मागून बाहेर पडते. पांढरा धूर येतोय म्हणजे नॉझलपर्यंत डिझेल पोचतंय, हेही त्यात कळलं. सेल्फ मारताना धूर अजिबात येत नसता, तर मी हीटर सोडून फिल्टरकडे आणि लाइनमधल्या हवेकडे गेलो असतो.

शिवाय हे हरवलेले व्होल्ट नाहीसे झालेले नाहीत. साधारण ३६ अँपिअर वाहत असतील तर २.७ गुणिले ३६, म्हणजे जवळजवळ १०० वॉट उष्णता त्या वाटेवर कुठेतरी बाहेर पडते आहे. ती एकाच जॉइंटवर पडत असेल तर तिथे १०० वॉटची डाग द्यायची इस्त्री टेकवून ठेवल्यासारखं झालं. म्हणजे तो जॉइंट लपून राहणार नाही. काळी पडलेली थिंबल (वायरच्या टोकाची कडी), कडक झालेलं इन्शुलेशन, वितळून वाकडा झालेला कपलर, जळक्या प्लॅस्टिकचा वास, यांपैकी काही ना काही सापडेलच. मीटर लावायच्या आधी हीटर दोन वेळा चालवा, चावी बंद करा आणि बॅटरीपासून पट्टीपर्यंत वाटेवर हात फिरवत जा. पण जपून, चटका बसेल. बोटातली अंगठी आणि मनगटातलं कडं आधी काढून ठेवा. पॉझिटिव्ह आणि बॉडी यांच्यामध्ये अंगठी सापडली तर बोटाची काय गत होते ते मी पाहिलं आहे.

हाताने सापडलं नाही तर मीटरने शोधायचं, पण तुम्ही मोजलं तसं नाही. आतापर्यंत तुम्ही 'इथे किती आहे' असं विचारत होता. आता 'इथून तिथवर किती गेले' असं विचारा. मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. लाल टोक बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटीवर, म्हणजे वरच्या क्लॅम्पवर नव्हे, शिशाच्या खुंटीवरच. काळं टोक प्लगच्या पट्टीवर. घरातल्या माणसाला चावी फिरवायला सांगा. रिले लागायच्या आधी मीटर जवळजवळ पूर्ण बॅटरी व्होल्टेज दाखवेल. घाबरू नका, ते बरोबर आहे. उलट त्यावरून निदान एक तरी प्लग जिवंत आहे हे कळतं, कारण पट्टी प्लगमधून अर्थला, म्हणजे इंजिनच्या बॉडीला, जोडलेली आहे. रिलेचा 'टक' आवाज झाला की आकडा कोसळेल आणि जिथे थांबेल तेवढा तुमचा एकूण तोटा. तो २.७ च्या आसपास येईल. वायर पुरत नसेल तर मीटरच्या टोकाला घरातली कुठलीही बारीक वायर जोडून लांब करा. मीटरमधून करंटच जात नाही म्हटल्यावर बारीक वायरने काही बिघडत नाही.

आता लाल टोक जागेवर ठेवून काळं टोक एकेक पायरी मागे आणत या. पट्टीवरून पट्टीला येणाऱ्या वायरच्या थिंबलवर, तिथून रिलेच्या आउटपुट टर्मिनलवर, मग इनपुट टर्मिनलवर, फ्यूज पट्टीच्या दोन्ही बाजूंना आणि शेवटी बॅटरीच्या क्लॅम्पवर. प्रत्येक वेळी चावी बंद करून पुन्हा फिरवायची. टायमर आठ-दहा सेकंदांत रिले सोडून देतो, म्हणून वाचन चटकन घ्यायचं. दर दोन-तीन फेऱ्यांनंतर बॅटरीला दम खाऊ द्या. समजा आउटपुट टर्मिनलवर २.६ आले आणि इनपुट टर्मिनलवर ०.३, तर २.३ व्होल्ट एकटा रिले खातोय. फ्यूजच्या पलीकडे २.२ आणि अलीकडे ०.१ आले, तर फ्यूज. जिथे उडी दिसेल तिथे चोर.

तुम्ही सांगितलंत त्यावरून माझा संशय कुणावर आहे, तेही सांगतो. तुमचा 'नवा रिले' छोटा, काळा, चार पायांचा आहे, स्वस्तात मिळाला, असं तुम्ही लिहिलंय. हॉर्न आणि हेडलाइटला लावतात तो हा रिले. त्याच्यावर बहुधा ३० किंवा ४० अँपिअर छापलेलं असतं. हीटरचा मूळ रिले ७० अँपिअरच्या आसपासचा असतो, त्याला जाड बोल्टचे टर्मिनल असतात, चपट्या पिना नसतात. छोट्या रिलेचे पॉइंट पहिल्याच धक्क्याला ६० अँपिअर खातात, चार दिवस चालतात आणि मग आतून काळे पडतात. आवाज मात्र 'टक' असाच करतात. त्याहून वाईट म्हणजे त्याच्या पिनांवर चढवलेल्या चपट्या क्लिपा. त्या एवढ्या करंटला पुरत नाहीत, गरम होऊन सैल होतात, आणि सैल झाल्या की आणखी गरम होतात. माझं मन सांगतं की निम्म्याहून जास्त तोटा तिथेच आहे. पण मन सांगतं म्हणून रिले पुन्हा बदलू नका. तुम्ही तो एकदा तसाच बदलून बसला आहात. आधी मोजा.

दुसरा संशय फ्यूजवर. जुन्या गाड्यांत हीटरचा फ्यूज म्हणजे दोन स्क्रूंमध्ये आवळलेली धातूची पट्टी असते. स्क्रूच्या भोकाजवळ तिला केसाएवढी चीर जाते. डोळ्याला अखंड दिसते, मीटरच्या बझरवर वाजते, आणि लोड आला की गळा आवळते. तिसरा संशय, कुणी मधे वायर बदलली असेल तर तिच्या जाडीवर. तांब्याची दीड एमएमची (म्हणजे चौरस मिलिमीटर) दोन मीटर वायर ४० अँपिअरला एकटीच ०.९ व्होल्ट खाते. सहा एमएमची घातली तर पाव व्होल्टही जात नाही. पण गल्लीतल्या इलेक्ट्रिशियनकडे दीड एमएम रीळभर पडलेली असते, सहा एमएम आणायला जावं लागतं.

आता अर्थची बाजू. तुम्ही काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर ठेवून मोजलंत. प्लगचा करंट मात्र आधी इंजिनच्या हेडमध्ये उतरतो आणि तिथून अर्थ पट्ट्यामार्फत बॅटरीकडे परततो. या परतीच्या वाटेवर काही अडकत असेल तर तुमच्या मोजणीत ते दिसणार नाही. गंमत अशी की अर्थ जितका खराब, तितके पट्टीवरचे व्होल्ट बॅटरीच्या निगेटिव्हच्या तुलनेत जास्तच दिसतात. मीटर खूश, प्लग थंड.

यात मी स्वतः फसलो आहे. पिंपळगावच्या बाजूची अशीच एक गाडी, मजुरांना बागेत नेणारी. थंडीत सुरू होईना, सेल्फही मरतुकडा फिरायचा. माझ्याकडे यायच्या आधी बॅटरी नवी आली होती, सेल्फचे ब्रश बदलले होते, प्लग दोनदा. मी पट्टीवर मोजलं, बॅटरी निगेटिव्हच्या तुलनेत ११.४. झकास. मीही कॉम्प्रेशन गेलंय असं सांगून मोकळा झालो होतो. दुसऱ्या दिवशी मालकाने सहज सांगितलं, 'सेल्फ जास्त वेळ मारला की अ‍ॅक्सिलरेटरची केबल गरम लागते.' तेव्हा डोक्यात उजेड पडला. केबलचा आणि करंटचा काय संबंध? संबंध एकच, दुसरी वाट नसली तर करंट मिळेल त्या धातूतून घरी जातो. मीटरचं एक टोक इंजिनच्या ब्लॉकवर, दुसरं बॅटरी निगेटिव्हवर ठेवलं आणि हीटर चालू केला, तर १.२ व्होल्ट. तिथे ०.२ च्या वर मी मान्य करत नाही. म्हणजे प्लगला खरे मिळत होते १०.२, आणि सेल्फ मारताना तर अर्थमध्ये चारेक व्होल्ट बुडत होते. दोन महिन्यांपूर्वी क्लच प्लेट टाकताना कुणीतरी गिअरबॉक्सवरचा अर्थ पट्टा सोडवला होता आणि परत लावताना ताज्या रंगावरून आवळला होता. पॉलिश पेपरने रुपयाएवढी जागा घासली, पट्टा लावला, काम संपलं. पैसे किती घ्यावेत ते मला कळेना.

म्हणून दोन वाचनं नेहमी जोडीने घ्या, बॅटरी पॉझिटिव्ह ते पट्टी आणि इंजिन ब्लॉक ते बॅटरी निगेटिव्ह, दोन्ही हीटर चालू असताना. दुसरं वाचन सेल्फ मारतानाही घ्या. त्या वेळी करंट कितीतरी पट असतो, म्हणून बारीक दोषही मोठा दिसतो. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं की पट्टा काढून दोन्ही टोकं घासायची.

नुसत्या व्होल्टवर निदान करू नये याचं दुसरं कारण जास्त फसवं आहे. समजा पट्टीवर हीटर चालू असताना १२.४ आले. नवखा माणूस म्हणेल, उत्तम. मी म्हणेन, प्लग मेलेत. करंट वाहत असता तर बॅटरी बसली असती, वायरने थोडं खाल्लं असतं, १२.४ राहिलेच नसते. व्होल्ट भरपूर आणि करंट नाही, तर प्लग उघडे पडलेत. व्होल्ट कमी आणि करंटही कमी, ही तुमची गोष्ट, वाटेत अडथळा आहे. व्होल्ट कमी पण करंट जास्त, तर एखादा प्लग आतून शॉर्ट आहे किंवा बॅटरीत दम नाही. म्हणून क्लॅम्प मीटर, म्हणजे वायरभोवती नुसता अडकवून करंट मोजणारा, जवळ असलेला बरा. घेताना एक बघून घ्या. स्वस्तातले बरेचसे क्लॅम्प मीटर फक्त एसी करंट मोजतात, घरच्या वायरिंगसाठी. गाडीच्या वायरला लावले की शून्य दाखवतात आणि माणूस चांगले प्लग फेकून देतो. मल्टिमीटरचं १० अँपिअरचं भोक यासाठी वापरू नका. लाइनमध्ये लावलं की त्याचा फ्यूज पहिल्या सेकंदाला जाईल, आणि ज्या मीटरला फ्यूजच नसतो त्याचं काय होतं ते विचारू नका.

क्लॅम्प मीटर नसला तर पट्टी काढा आणि एकेक प्लग वेगळा तपासा. इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब एका बाजूने बॅटरी पॉझिटिव्हला, दुसऱ्या बाजूने प्लगच्या टोकाला. पेटला तर कॉइल अखंड आहे. अखंड आहे एवढंच, तो तापतो किती हे बल्ब सांगणार नाही. ओहम मोजायचे तर आधी मीटरची दोन्ही टोकं एकमेकांना लावून त्यांचाच रेझिस्टन्स बघा. तो ०.२ ते ०.३ निघतो आणि प्लगच्या वाचनातून वजा करावा लागतो. मला एवढ्या लहान आकड्यांवर भरवसा नाही. चारपैकी एक इतरांपेक्षा वेगळा दाखवतोय का, एवढंच मी त्यातून घेतो.

तुम्ही नवे टाकलेले प्लगही एकदा काढून त्यांच्या अंगावरचा आकडा वाचा. काउंटरवर नमुना दाखवून आणलेत, असं तुम्ही लिहिलंय. २४ व्होल्टच्या गाडीचा प्लग आणि १२ व्होल्टचा प्लग आटे, लांबी, टोक सगळ्यात एकसारखा असू शकतो, फरक फक्त कोरलेल्या आकड्यात. २३ किंवा २४ लिहिलेला प्लग १२ व्होल्टवर जेमतेम पाव ताकदीने तापेल. तुमच्या बाबतीत ती शक्यता कमी वाटते. तसे प्लग असते तर करंटच इतका कमी असता की २.७ व्होल्ट वाटेत पडलेच नसते. तरी आकडा बघाच, पाच मिनिटांचं काम आहे. प्लग सोडवताना इंजिन गरम असू द्या, आदल्या रात्री आट्यांवर गंजाचं तेल मारून ठेवा, आणि पाना जड लागला की थांबा. प्लग हेडमध्ये तुटला तर हेड उतरवण्यापर्यंत वेळ येते. एम १० आट्यांचा प्लग साधारण १५ न्यूटन-मीटरलाच आवळायचा असतो. वरचा वायरचा छोटा नट तर नुसता हलक्या हाताने. तो पिळून टाकला की आतलं इन्शुलेशन फुटतं आणि नवा प्लग त्याच दिवशी जुना होतो.

डॅशबोर्डवरच्या पिवळ्या वेटोळ्याच्या दिव्याबद्दल तुम्ही विचारलंय, 'दिवा तर नीट लागतो आणि विझतो.' जुन्या गाडीत तो दिवा प्लगकडे बघतच नाही. तो टायमरचा दिवा आहे. चारही प्लग काढून खिशात ठेवले तरी तो तसाच लागेल आणि तसाच विझेल. टायमर वेळ ठरवतो तो पाण्याच्या तापमानाच्या सेन्सरवरून. सेन्सरची वायर बॉडीला टेकून शॉर्ट झाली तर टायमरला वाटतं इंजिन गरम आहे आणि हीटर दोन सेकंदांत सुटतो. वायर तुटली तर बहुतेक गाड्यांत उलट होतं, कडाक्याची थंडी समजून तो जास्त वेळ चालतो. मोजणीसाठी वेळ कमी पडत असेल तर सेन्सरचा कपलर काढून पाहा, बहुधा जास्त सेकंद मिळतील. काम झाल्यावर आठवणीने परत लावा.

आणखी एक जागा लोक तपासत नाहीत. चावी हीटरवर असताना सगळं ठीक, पण सेल्फच्या खटक्यावर नेली की रिले सुटतो का? प्लगला सेल्फ फिरत असतानाही करंट मिळायला हवा, कारण खरी गरज तेव्हाच असते. चावीच्या स्विचमधला एक पॉइंट झिजला की नेमका तेव्हाच पुरवठा तुटतो. पट्टीवर मीटर ठेवून सेल्फ मारायला सांगा. नऊ-दहा व्होल्ट राहिले तर ठीक, शून्यावर गेलं तर स्विच किंवा त्याची ट्रिगर वायर.

ही सगळी उठाठेव प्री-चेंबर इंजिनासाठीच का, तर त्या इंजिनाची ठेवणच तशी आहे. बेन्झ कंपनीतल्या प्रॉस्पर लोरांजने १९०९ मध्ये प्री-चेंबरचं पेटंट घेतलं. मुख्य सिलिंडरच्या डोक्यावर एक छोटी खोली, डिझेल तिथे पेटवायचं आणि ज्वाळा खाली ढकलायच्या. इंजिन मऊ चालतं, पण त्या खोलीच्या थंड भिंती दाबलेल्या हवेची उष्णता शोषून घेतात. म्हणून अशा इंजिनाचं कॉम्प्रेशन २० ते २३ पट असूनही त्याला गारठ्यात हीटर लागतोच. डायरेक्ट इंजेक्शनची, म्हणजे डिझेल थेट सिलिंडरमध्ये फवारणारी, गाडी निफाडच्या थंडीतही पुष्कळदा हीटरशिवाय उठते. ती उठत नसेल तर मी प्लगवर शेवटी येतो. जुन्या जर्मन डिझेल टॅक्सींत, १९८० च्या आसपासपर्यंत, प्लग एकामागून एक माळेसारखे जोडलेले असत, दिवाळीच्या तोरणासारखे. एक गेला की चारही थंड. तुमच्याकडे पट्टी आहे, म्हणजे चारही समांतर. एक गेला तरी तीन तापतात, आणि सुरू झाल्यावर एक सिलिंडर थोडा वेळ मिस मारतो.

काही जपानी इंजिनांत दोन रिले असतात. पहिला पूर्ण व्होल्ट देतो, काही सेकंदांनी दुसरा एका जाड रेझिस्टरमधून कमी व्होल्ट देतो. तिथे पट्टीवर सुरुवातीला ११ आणि मग ५-६ दिसले तर तो दोष नाही. तुमच्या गाडीत तसं नाही, पण शेजारच्याची गाडी तपासायला गेलात तर लक्षात असू द्या.

आणि कॉमन रेलच्या नव्या गाडीवर यातलं काहीही जसंच्या तसं करू नका. तिथे पट्टी नसते, प्रत्येक प्लगला मॉड्यूलमधून वेगळी वायर येते, आणि प्लग ४.४, ५ किंवा ७ व्होल्टचे असतात. मॉड्यूल पहिले एक-दोन सेकंद जवळजवळ पूर्ण व्होल्ट देतो आणि मग करंट भराभर चालू-बंद करून सरासरी खाली आणतो. त्यावर साधा मीटर धरला तर तो सरासरी दाखवतो. १२ व्होल्ट ४० टक्के वेळ चालू असतील तर मीटर ४.८ म्हणेल, पण प्लगला तापवण्याच्या दृष्टीने ते ७.६ व्होल्ट असतात. म्हणून तिथे गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषांचे कोड वाचणारा स्कॅनर लावायचा. पी ०६७१ ते पी ०६७४ हे कोड अनुक्रमे पहिल्या ते चौथ्या सिलिंडरच्या प्लगच्या सर्किटचे आहेत. असा प्लग 'तपासायला' थेट बॅटरीला लावलात तर काही सेकंदांत पांढरा होऊन जळून जाईल. टोक वितळून पिस्टनवर पडलं तर पुढचं बिल इंजिनचं.

शेवटी, तुम्हाला कुणीतरी सुचवलेल्या बेलच्या बटणाबद्दल. 'रिले-टायमर काढून टाका, बटण लावून डायरेक्ट करून देतो.' आमच्या धंद्यात हे फार चालतं आणि मीही तरुणपणी केलंय. मेलेल्या टायमरवर तात्पुरता उपाय म्हणून, मूळ रिले, फ्यूज आणि जाड वायर तशीच ठेवून फक्त ट्रिगरला बटण लावलं, तर मी हरकत घेणार नाही. पण प्लगचा पूर्ण करंट बटणातून नेला तर बटण वितळतं, आणि फ्यूज नसेल तर वायर पेटते. शिवाय पहाटेच्या गारठ्यात माणूस बटण धरूनच ठेवतो, तीस सेकंद, चाळीस सेकंद. प्लगचं टोक फुगतं, आणि फुगलेला प्लग भोकातून बाहेर येत नाही.

तर आधी रिलेच्या दोन्ही टर्मिनलवरचा तोटा मोजा, मग फ्यूज, मग अर्थ. रिले दोषी निघाला तर बोल्टवाला, ७० अँपिअरचा आणा, आणि त्याला येणाऱ्या-जाणाऱ्या वायरच्या थिंबल नव्या मारून घ्या, नुसत्या पक्कडीने दाबलेल्या नकोत. दुरुस्तीनंतर पट्टीवर हीटर चालू असताना ११ च्या वर आणि ब्लॉकपासून निगेटिव्हपर्यंत ०.२ च्या आत आलं पाहिजे. तेवढं येऊनही पहाटे धूरच येत असेल, तर मला चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन आणि नॉझलची तपासणी लागेल. मोजणी दुपारी केलीत तरी चालेल, पण गाडीची खरी परीक्षा, पहाटे द्राक्षं थंडीपासून वाचवायला बागेत शेकोट्या पेटवायला जाता त्या वेळीच घ्या.